लावून पाहणे

मराठीत एखादी गोष्ट आजमावण्यासाठी वेगळे क्रियापद लागत नाही. करून पाहणे, खाऊन पाहणे, विचारून पाहणे, तसेच लावून पाहणे. मूळ क्रियेला 'पाहणे' जोडले की प्रयोगाचा अर्थ आपोआप निष्पन्न होतो. रोजच्या बोलण्यात या 'पाहणे'कडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यातील डोळ्यांचा संबंध विसरला जाऊन ते केवळ सहायक क्रियापद म्हणून उरते. तान्ह्या बाळाच्या अंगाला एखादे नवे, नैसर्गिक म्हणून नावाजलेले तेल 'लावून पाहू' असे घरात ठरते, तेव्हा लावण्याची क्रिया तत्परतेने पार पडते. पाहण्याची क्रिया मात्र बहुधा राहून जाते. या राहून गेलेल्या अर्ध्या क्रियेत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याला होकार देता येत नाही आणि नकार बोलून दाखवता येत नाही, अशा जिवावर काही आजमावण्याचा अधिकार इतरांना कोठून प्राप्त होतो? आणि तो प्राप्त झाला, तर कोणत्या अटीवर टिकतो?

तेलाच्या वाटीएवढ्या लहान वस्तूला एवढा मोठा प्रश्न चिकटवणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु नीतीचे पुष्कळसे प्रश्न मोठ्या प्रसंगी नव्हे, तर न्हाणीघरासारख्या जागी, कोणी साक्षीदार नसताना, सवयीने सुटत असतात. ते कसे सुटतात हे पाहायचे असेल, तर जेथे एकच सवय सर्वमान्य नाही असे ठिकाण शोधावे लागते. भिलाईतील वैशाली नगर हे असे ठिकाण आहे. १९५५ साली झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली आणि भिलाईला 'लघुभारत' म्हणण्याची रीत पडली. कारखान्याच्या आखीव सेक्टरांबाहेर ज्या वस्त्या वाढत गेल्या, त्यांपैकी वैशाली नगर ही एक. २००८ पासून या नावाचा विधानसभा मतदारसंघही आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी रेल्वेच्या वाटेने आलेल्या मराठी कुटुंबांना येथे शेजारी मिळतो तो कधी बिहारचा, कधी केरळचा, कधी आंध्रचा, कधी दुर्ग-राजनांदगावच्या खेड्यातला.

अशा वस्तीत बाळ जन्माला आले की त्याच्या अंगाला काय लावावे, याची अनेक उत्तरे एकाच गल्लीत उपलब्ध असतात. बिहारी घरात मोहरीचे तेल लसणाच्या पाकळ्या टाकून कोमट केले जाते. केरळी घरात नारळाचे दूध आटवून काढलेले तेल असते. तेलुगू घर तिळाच्या तेलावर विसंबते. छत्तीसगढच्या जंगलपट्ट्याशी नाते असलेल्यांना मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे तेल ठाऊक असते. ते थंडीत तुपासारखे थिजते. मराठी आजी तिळाचे किंवा खोबरेल तेल घेते, बाळाची टाळू भरते, डाळीच्या पिठात हळद कालवून अंगाला लावते, कणकेच्या गोळ्याने लव काढते आणि न्हाऊन झाल्यावर वेखंडाची पूड व ओव्याची धुरी यांची आठवण ठेवते. या सगळ्यांच्या बरोबरीने औषधांच्या दुकानातून आलेली, पानाफुलांची चित्रे छापलेली बाटली असते आणि तिच्यावर 'नैसर्गिक' हा शब्द असतो. एकाच वाड्यात एकच रीत चालू असती, तर निवड करावीच लागली नसती. येथे प्रत्येक आजीच्या खात्रीला शेजारच्या आजीची तितकीच ठाम खात्री छेद देते. आपली रीत ही अनेक रीतींपैकी एक आहे, हे ज्या क्षणी कळते, त्या क्षणी रीतीचे रूपांतर निर्णयात होते आणि निर्णयाबरोबर जबाबदारी येते.

ही जबाबदारी टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ती निसर्गावर सोपवणे. 'नैसर्गिक आहे, त्याने अपाय होणार नाही,' हे वाक्य सर्व भाषांत आढळते. वस्तुतः नैसर्गिक हे विशेषण पदार्थाचे उगमस्थान सांगते, त्याचा स्वभाव सांगत नाही. विदर्भापासून छत्तीसगढपर्यंतच्या रानांत बिब्बा मुबलक आहे. छत्तीसगढात त्याला भेलवा म्हणतात. त्याच्या फळातून निघणारे तेल पूर्णतः नैसर्गिक असते आणि ते कातडीला लागले तर फोड उठतात. परटांनी पिढ्यान् पिढ्या कपड्यांवर खुणा करण्यासाठी ते वापरले, कारण त्याचा डाग धुऊन जात नाही. पिवळा धोतरा हीदेखील निसर्गाचीच वनस्पती. तिच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोथाची साथ उद्भवली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. उलट पक्षी, कोळशाच्या भट्टीतून निघणारे काळे डांबर कोणाला नैसर्गिक वाटणार नाही. तरीही त्यापासून केलेली मलमे त्वचारोगांवर दीर्घकाळ वापरात आहेत. ज्या नगरात दल्ली-राजहऱ्याचे तांबडे दगड वितळवून रेल्वेचे रूळ घडवले जातात, तेथील माणसाला निसर्ग आणि कृती यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. अर्भकाच्या त्वचेला तर ती सीमारेषा मुळीच ठाऊक नसते. तिला फक्त रेणू कळतात.

दुसरा आश्रय परंपरेचा. हा आश्रय अधिक आदरणीय आहे, कारण परंपरेत अनुभव साठलेला असतो. सुश्रुतसंहितेत नवजात बालकाला बलातैलाने अभ्यंग करावा असे सांगितले आहे. बला म्हणजे मराठीतला चिकणा. चरकाने अभ्यंगाचे महत्त्व सांगताना तेल प्यालेला मातीचा घट, तेलाने मऊ झालेले चामडे आणि वंगण दिलेला आस यांचे दाखले दिले आहेत. पण याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानात परीक्षेचे चार प्रकार सांगितले आहेत, हे परंपरेचा हवाला देणारे विसरतात. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. म्हणजे विश्वासार्ह वडीलधाऱ्याचे वचन हे ज्ञानाचे एक साधन आहे, एकमेव साधन नव्हे. आजीचा शब्द आप्तोपदेश होय. तो डोळ्यांनी पाहणे, पाहिलेल्यावरून ताडणे आणि अनेक कारणांचा एकत्र विचार करणे यांच्या पंक्तीत बसतो. त्याने उरलेल्या तिघांना पंक्तीतून उठवावे, असे शास्त्रकारांना अभिप्रेत नव्हते.

परंपरेच्या पोटात हित आणि अहित एकत्र नांदत आले आहे, हे नाकारून चालणार नाही. ज्या हातांनी बाळाचे पाय सरळ केले, त्याच हातांनी त्याच्या नाकात आणि कानांत तेलाचे थेंब सोडले. नाकातून फुप्फुसात गेलेले तेल न्यूमोनियाला कारण होते, हे बालरोगतज्ज्ञ कित्येक दशके सांगत आले आहेत. मेळघाटातील कोरकू वस्त्यांत पोट फुगलेल्या अर्भकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे. तो चटका देणाऱ्या माणसाच्या मनात द्वेषाचा लवलेश नसतो. बाळ वाचावे, त्याची वेदना थांबावी, याच इच्छेने विळा विस्तवात धरला जातो. येथे प्रेमाला दोष देता येत नाही आणि तरी बाळाच्या पोटावरचे व्रण खरे असतात. संस्कृतातील 'स्नेह' या शब्दाने तेल आणि प्रेम या दोन्हींचा निर्देश होतो, याचे कौतुक नेहमीच केले जाते. पण त्या श्लेषात एक धोका आहे. एका अर्थाचा स्नेह शुद्ध असला म्हणजे दुसऱ्या अर्थाचा स्नेहही शुद्धच असेल, असे माणूस नकळत धरून चालतो. वास्तविक प्रेमाची परीक्षा वेगळी आणि तेलाची परीक्षा वेगळी.

या दोन परीक्षांच्या मध्ये एक व्यक्ती उभी असते आणि तिचा उल्लेख अशा चर्चांत सहसा होत नाही. ती म्हणजे घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई. मराठी घरात तिला मावशी म्हणतात. छत्तीसगढी बोलीत 'दाई' म्हणजे आई आणि मराठीत दाई म्हणजे सुईण किंवा मूल सांभाळणारी. एका सीमेच्या दोन बाजूंना एकाच शब्दाने एकीकडे जन्मदात्री आणि दुसरीकडे मजुरीवर राबणारी सूचित व्हावी, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. आई एका बाळाला पाहते, आजीने चार-पाच पाहिलेली असतात. या बाईच्या हातांखालून शेकडो गेलेली असतात. कोणत्या अंगावर कोणत्या ऋतूत पुरळ उठले, कोणते तेल काखेत साचून राहते, कोणते बाळ थंडीत उघडे ठेवले की निळसर पडते, याची नोंद तिच्या बोटांत असते. मात्र तेल बदलायचे की नाही हे ठरवताना तिचे मत क्वचितच विचारले जाते, आणि पुरळ उठलेच तर दोष तिच्या हाताला दिला जातो. जिने सर्वाधिक पाहिले, तिच्या पाहण्याला किंमत नाही, अशी ही व्यवस्था आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात नेमकी उलटी वाट धरली. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून, नवजात बाळ घरी जाऊन कसे पाहावे, कसे तोलावे, कोणती लक्षणे धोक्याची मानावीत, हे त्यांच्या हाती सोपवले. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरच्या घरी केलेल्या अशा देखभालीने नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात, हे जगासमोर आले. त्या यशाचे सार औषधांइतकेच शिकवलेल्या नजरेत होते.

नजर जेव्हा अनेक बाळांवर, मोजमापासह आणि तुलनेने रोखली जाते, तेव्हा तिला शास्त्र म्हणतात. मालिशच्या तेलांचे शास्त्र भारतात पुष्कळ झाले आहे आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० नवजात बाळांपैकी काहींना करडईचे, तर काहींना खोबरेल तेल चोळले. तेलातील स्निग्धाम्ले त्वचेवाटे रक्तात उतरतात आणि ज्या तेलाने मालिश केली, त्याचीच छाप रक्तात उमटते, असे त्यांना आढळले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेल तेलाच्या मालिशीने खनिज तेलापेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या, १२५ बाळांच्या अभ्यासात तिळाचे तेल काही मोजमापांत सरस ठरले. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल लावल्यावर रुग्णालयातील जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्षही २००५चेच.

येथवरचे वाचून आजीचा विजय झाला असे वाटेल. पण शास्त्राची नजर कोणाच्याही बाजूची नसते. २००२ साली उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात सूर्यफुलाच्या तेलाने त्वचेचा संरक्षक थर लवकर सावरला, तर मोहरीच्या तेलाने तो सावरण्यास उशीर झाला. २००३ साली इंग्लंडमधील एका मोठ्या पाहणीतून असे दिसले की, ज्या बाळांच्या त्वचेला शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लागली, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची वावडी अधिक आढळली. मँचेस्टरमध्ये ११५ पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑलिव्हचे आणि सूर्यफुलाचे, दोन्ही तेलांनी त्वचा ओलसर राहिली खरी, पण तिच्या बाह्य थरातील स्निग्ध द्रव्यांची घडण तेल न लावलेल्या बाळांइतकी झाली नाही. त्वचारोगाचा कौटुंबिक वारसा असलेल्या १३९४ बाळांच्या ब्रिटिश अभ्यासात वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळला नाही, उलट त्वचेचे संसर्ग काहीसे वाढले, असे २०२० साली जाहीर झाले. या सर्वांचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जी शिफारस केली, ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. पूर्ण दिवसांच्या निरोगी नवजात बाळाला त्वचेचे विकार टाळण्यासाठी सरसकट तेल-मलम लावण्याची शिफारस तिने केली नाही. त्याच वेळी, हळुवार अंगमर्दनाचा विचार करता येईल, असे म्हटले. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांच्या अंगाला तेल लावण्याचा विचारही करता येईल, असे तिने वेगळे नोंदवले. म्हणजे हात आणि तेल या दोन गोष्टी तिने अलग केल्या. घरातल्या भाषेत त्या कधीच अलग नव्हत्या.

रुग्णालयातील या प्रयोगांना घरातल्या 'लावून पाहू'पेक्षा एक जास्तीचे बंधन असते. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसावरील प्रयोगाला त्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली. मग ज्याला संमती देताच येत नाही, त्या बालकाचे काय, हा प्रश्न पुढे उभा राहिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार पालकांची संमती आणि नीतिसमितीची मान्यता तर लागतेच. शिवाय सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही विचारावी लागते. अर्भक या वयाच्या फार अलीकडे असते. त्याच्या वतीने आईबाप बोलतात. घरात मात्र कोणतीही समिती नसते. आई हीच प्रयोग करणारी, आई हीच संमती देणारी आणि परिणाम चांगला झाला की वाईट हे ठरवणारीही तीच. न्यायशास्त्रात एकाच व्यक्तीने फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश व्हावे हे अमान्य आहे. मातृत्वात ते अटळ आहे. म्हणूनच आईचे नैतिक ओझे डॉक्टरपेक्षा हलके नसून जड आहे. ज्याच्यावर कोणाचा अंकुश नाही, त्याला स्वतःच्या हातात अंकुश धरावा लागतो.

यावर असे म्हणता येईल की, एवढा संशय असेल तर तेल लावूच नये. परंतु न लावणे हीसुद्धा एक निवड आहे आणि तिचाही परिणाम बाळालाच भोगावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळाला सूर्यफुलाच्या तेलाने संसर्गापासून वाचवता आले असते, त्याला कोरडे ठेवणे ही तटस्थता नव्हे. तसेच स्पर्शाचे. अमेरिकेतील मायामी येथे टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांच्या अंगावरून नियमाने हात फिरवला गेला, त्यांचे वजन इतरांपेक्षा दररोज सरासरी ४७ टक्के अधिक वाढले. त्याआधी दहा वर्षे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉयर यांनी कलकत्त्यात शांतला नावाच्या एका मातेला आपल्या बाळाचे अंग चोळताना पाहून तिच्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि पाश्चात्त्य आयांना ही कला नव्याने कळली. तेव्हा हात मागे घेणे हा उपाय नाही. ज्याच्यासाठी कोणीतरी ठरवावेच लागते, त्याच्यासाठी काहीही न ठरवण्याची पवित्र जागा उपलब्ध नसते. प्रश्न उरतो तो ठरवण्याच्या रीतीचा.

येथे घरच्या प्रयोगाची एक तर्कशास्त्रीय मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. एका बाळाला एक तेल महिनाभर लावले आणि त्याचे वजन वाढले, अंग भरले, झोप सुधारली, तर ते तेलाने झाले असे घर म्हणते. पण महिन्याभरात निरोगी बाळ वाढणारच होते. तेच बाळ त्याच महिन्यात तेलाविना कसे वाढले असते, हे पाहण्याची सोय सृष्टीत नाही. चरक ज्याला युक्ती म्हणतो, म्हणजे अनेक कारणांच्या संयोगातून फलाचा विचार करणे, ती येथे सावध करते. दूध, ऋतू, झोप, आईचे आरोग्य आणि नुसते दिवस जाणे यांतून तेलाचा वाटा वेगळा काढता येत नाही. तेव्हा तेल गुणकारी आहे, हे एका घरातल्या अनुभवाने सिद्ध होऊ शकत नाही; त्यासाठी पुण्या-मुंबईसारखी शेकडो बाळे आणि तुलना हवी. घरच्या प्रयोगातून बहुधा एकच गोष्ट काही अंशी खात्रीने कळू शकते. ती म्हणजे, हे तेल या बाळाला मानवत नाही. लावले आणि अंग लाल झाले, थांबवले आणि ते निवळले, पुन्हा लावल्यावर परत उमटले, तर तो पुरावा ग्राह्य असतो. आणि थांबवल्यावर निवळले एवढ्यावरच समाधान मानून पुन्हा न लावणे, हे शहाणपण. थोडक्यात, घरचा प्रयोग होकार सिद्ध करण्यास असमर्थ आणि नकार ऐकण्यास समर्थ असतो. प्रत्यक्षात घरे नेमके उलटे करतात. होकाराचे कौतुक चारचौघांत सांगितले जाते आणि नकार 'उष्णता बाहेर पडते आहे', 'अंगातले निघून जाऊ द्या' अशा वाक्यांनी झाकला जातो.

या दृष्टीने अर्भकाची त्वचा ही त्याची पहिली वाणी आहे. तान्हे मूल रडते ते भुकेने, थंडीने, झोपेने, एकटेपणाने. रडण्यात अनेक अर्थ मिसळलेले असतात. त्वचा मात्र जागा दाखवून बोलते. मानेच्या वळीत, काखेत, मांडीच्या सांध्यात उठलेला लाल पट्टा हा बाळाने दिलेला नकार समजावा. तो नकार वाचता यावा म्हणून पुरेसा प्रकाश हवा, तेल एका वेळी एकच हवे, सुरुवात कोपराच्या आतल्या बाजूला लावलेल्या एका थेंबाने हवी आणि नंतर दिवसभराची वाट पाहण्याची तयारी हवी. हे सर्व करूनही नजर अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. वावडी कधी कधी आठवड्यांनी प्रकट होते. मँचेस्टरच्या बाळांच्या त्वचेतील फरक उघड्या डोळ्यांना दिसणारा नव्हता, उपकरणांना दिसला. म्हणून स्वतःच्या बाळाकडे पाहणाऱ्या आईने इतरांच्या बाळांकडे पाहिलेल्यांचेही ऐकावे लागते. आणि शेकड्यांच्या सरासरीत बोलणाऱ्या डॉक्टरनेही समोरच्या एका अंगावरचा लाल पट्टा सरासरीने खोडून काढता कामा नये. पहिल्याकडे प्रत्यक्ष आहे, दुसऱ्याकडे अनुमान. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, ही गोष्ट दोघांनाही रुचत नाही.

शेफिल्डमधील संशोधकांनी ऑलिव्हच्या तेलाने त्वचेचा संरक्षक थर दुबळा होतो का, हे २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले, तेव्हा ते स्वखुशीने पुढे आलेल्या प्रौढांच्या हातांवर तपासले. त्यांना अपाय दिसला आणि बाळांना हे तेल लावण्याबद्दल त्यांनी सावध केले. या क्रमात एक नीतिविचार आहे. ज्याला नकार देता येतो त्याने आधी स्वतःचा हात पुढे करावा, आणि ज्याला देता येत नाही त्याची पाळी नंतर यावी. घरातही याच न्यायाने आई किंवा आजी नव्या तेलाचा थेंब प्रथम आपल्या मनगटावर घेऊ शकते. प्रौढाची कातडी राठ, बाळाची कोवळी. बाळाच्या वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळही पुष्कळ अधिक. त्यामुळे मनगटावर काही झाले नाही म्हणून बाळाला काही होणार नाही असे ठरत नाही. तरीही त्या थेंबाला अर्थ आहे. दुसऱ्यावर जे टाकायचे त्याचा वाटा आधी आपण उचलावा, ही त्यातली भावना. आणि मनगट चुरचुरलेच, तर बाळाची त्वचा त्या प्रश्नातून सुटते हा त्यातला प्रत्यक्ष लाभ.

तेलाचे हे प्रकरण काही महिन्यांत संपते. मूल रांगू लागते, मालिशवाली मावशी येईनाशी होते, बाटली फळीवर मागे सरकते. पण त्या महिन्यांत घराला जी सवय लागते ती मागे सरकत नाही. पुढे त्याच मुलासाठी भाषा, शाळा, व्रत, विषय, नोकरी, विवाह अशा अनेक गोष्टी 'लावून पाहिल्या' जातात. प्रत्येक वेळी ती गोष्ट हिताचीच असते, परंपरेने मान्य असते, शेजारच्या मुलाला मानवलेली असते. प्रत्येक वेळी मूल आधी शब्दांनी बोलत नाही. त्याचे खाणे कमी होते, खेळ मंदावतो, चेहरा बदलतो. ज्या घराने काखेतला लाल पट्टा 'उष्णता' म्हणून झाकला, ते घर या खुणाही तितक्याच सहजतेने झाकू शकते. ज्या घराने एका थेंबानंतर एक दिवस वाट पाहिली, त्याला वाट पाहण्याचा सराव झालेला असतो.

बाळाच्या वतीने ठरवण्याचा अधिकार आईबापांना प्रेमाने मिळतो, असे सामान्यतः मानले जाते. अधिक नेमके म्हणायचे तर प्रेमाने तो मिळतो आणि लक्ष देण्याने तो टिकतो. लावणाऱ्या हाताला मागे घेता येण्याची तयारी असेल, तरच त्याच्या लावण्याला प्रयोग म्हणता येईल; तशी तयारी नसेल, तर ती नुसती सक्ती, मग वाटीतले तेल कितीही शुद्ध असो. वैशाली नगरात तिळाचे, नारळाचे, मोहरीचे आणि टोरीचे तेल यापुढेही शेजारीशेजारी तापत राहील आणि कोणते श्रेष्ठ हा वाद मिटणार नाही. तो मिटण्याची आवश्यकताही नाही. ज्या अंगासाठी ते तापते, त्या अंगाला त्या वादात एक मत असावे आणि ते वाचता येणारे कोणीतरी घरात असावे, एवढे पुरेसे आहे.